मोताळ्याचा काटा

"मोताळा लाल आहे," नाईक सर म्हणाले.

पुण्याच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. भिंतीवरच्या स्क्रीनवर आमच्या क्लायंटची सगळी खरेदी केंद्रं ठिपक्यांनी दाखवली होती. हिरवा ठिपका म्हणजे ठेवा, पिवळा म्हणजे सुधारा, लाल म्हणजे बंद करा. बुलढाणा जिल्ह्यात लाल ठिपका एकच होता. माझं गाव रोहिणखेड, तालुका मोताळा. नाईक सर माझे बॉस, त्यांना हे माहीत होतं, म्हणून ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'एंटरप्राइझ आर्किटेक्ट' असं छापलंय. बाबांनी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचारलं होतं, "म्हंजे घरं बांधते का तू?" तसं म्हटलं तर बांधत नाही, नकाशा काढते. मोठ्या कंपनीत वजनाचं सॉफ्टवेअर वेगळं, बिलाचं वेगळं, गोदामाचं वेगळं, ट्रकचं आणखी वेगळं. ज्याला जेव्हा जे लागलं, त्याने तेव्हा ते घेतलेलं असतं. कशाला हात लावला की काय बंद पडेल, हे कुणालाच धड ठाऊक नसतं. तो सगळा गुंता कागदावर मांडायचा, आणि पुढच्या तीन वर्षांत त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवायचं, एवढंच आमचं काम.

या वेळचा क्लायंट शेतकऱ्यांकडून सोयाबीन आणि तूर घेणारा होता. दोन कंपन्या एक झाल्या होत्या, त्यामुळे गुंताही दुप्पट. पूर्वी असा नकाशा काढायला आम्ही महिनोन्महिने लोकांच्या मुलाखती घेत फिरायचो. आता एआयचं टूल आहे. त्याला सगळ्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, जुने आराखडे, तक्रारी खायला घातल्या की चहा पिऊन येईपर्यंत नकाशा तयार. शिवाय शिफारशी, आणि प्रत्येक शिफारशीखाली कारण. भाषा इतकी ठाम की वाचणाऱ्याची शंका विचारायची हिंमतच होत नाही.

मोताळ्याखाली टूलने लिहिलं होतं: दर आठवड्याला एका ठराविक दिवशी पहिली नोंद विचित्र असते. शेतकऱ्याचं नाव नाही, मालाचं नाव नाही, नुसतं वजन. साधारण एका माणसाएवढं. गेले काही महिने हे वजन थोडं थोडं उतरतंय. एकच वस्तू पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवली जात असावी आणि काटा ती कमी दाखवत असावा. म्हणजेच शेतकऱ्याचा मालही कमी भरत असावा. सबब हा काटा आणि त्याचं सॉफ्टवेअर बंद करून केंद्र मलकापूरला जोडावं.

"काटा मारण्याचा आरोप आहे हा," नाईक सर म्हणाले. "क्लायंट घाबरलाय. काट्याच्या भांडणात एकदा तोंड पोळलंय त्यांचं, आता ताकही फुंकून पितील. पुढच्या बैठकीत बंद करून टाकतील."

"प्रत्यक्ष जाऊन कुणी पाहिलंय का?"

"नाही. तू जातेस का, प्रज्ञा?"

मी इतक्या झटकन हो म्हटलं की त्यांनी लॅपटॉपमधून मान वर केली.

खरं सांगायचं तर मला कुठलंही कारण चाललं असतं. आई गेल्यापासून बाबा रोहिणखेडला एकटे असतात. रोज संध्याकाळी फोन होतो. "जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "एक नंबर." फोन ठेवला की मी गॅलरीत उभी राहते आणि समोर दुसऱ्या बिल्डिंगची गॅलरी असते. अशा वेळी घरची इतकी आठवण येते की राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. पुणं काही वाईट नाही. माझं तिथे काही अडतही नाही. पण घर म्हटलं की डोळ्यांपुढे अजून आमचं अंगणच येतं.

ती विचित्र नोंद ज्या दिवशी पडते, तो मोताळ्याचा बाजाराचा दिवस, हे टूलला माहीत नव्हतं. मला न सांगता कळलं. बरोबर त्याच दिवशी मी क्लायंटच्या बुलढाण्याच्या ऑफिसातून जीप घेतली. मागे वजनमाप खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजनं ठेवली. राजूर घाट उतरला तसं माझं मन माझ्याआधी खाली पोचलं. बाबांना कळवलं नव्हतं. काम उरकून संध्याकाळी अचानक दारात उभं राहायचं, असा बेत होता.

केंद्राचे मॅनेजर गजाननभाऊ. मी लॅपटॉप उघडून त्यांना ती नोंद दाखवली.

"भाऊ, हे पहिलं वजन कशाचं?"

"मानसाचं."

"माणसाचं? कशाला?"

"काटा खरा हाय का नाही, ते पाह्याले."

"कंपनीने वजनं दिली आहेत ना त्यासाठी?"

"मॅडम, काटा कंपनीचा, लोखंड बी कंपनीचं. शेतकऱ्याचं काय हाय त्याच्यात? मानूस तं आमचा हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मागे एका बाजाराला काट्यावरून मोठं भांडण झालं. कुणी पोतं उतरवू देईना. तेव्हा गर्दीतून एक म्हातारे पुढे आले. म्हणाले, मी कालच बुलढाण्याले दवाखान्यात वजन केलं, मी चढतो काट्यावर. काटा तेवढाच भरला आणि भांडण मिटलं. तेव्हापासून रीतच पडली. बाजाराच्या दिवशी आधी ते चढतात, मग पहिलं पोतं. शास्त्र म्हणून हे अगदीच लंगडं आहे. पण तेव्हापासून भांडण झालेलं नव्हतं.

"कोण हे गृहस्थ?"

"रोहिणखेडचे कंडक्टर बाबा. आयुष्यभर एसटीत होते. पळत येनाऱ्या मानसाले सोडून गाडी नेली नाही त्यायनं कंदी. त्यायच्यावर कोन शक घेईन?"

रोहिणखेडला कंडक्टर बाबा एकच आहेत. मी लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात ते आलेच. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. "जय भीम बाबा", "या कंडक्टर बाबा", असं दोन्ही बाजूंनी चाललं होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, घराच्या उंबऱ्याशी काढाव्यात तशा चपला काढल्या आणि अनवाणी काट्यावर उभे राहिले. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. गजाननभाऊंनी आकडा मोठ्याने वाचला. पोत्यांवर बसलेल्या लोकांत कुजबुज झाली. मागच्या बाजारापेक्षा कमी.

मग त्यांना मी दिसले.

"तू इथं काऊन?"

"ऑफिसचं काम, बाबा. काटा तपासायचाय."

"मंग तपास," असं म्हणून ते खाली उतरले आणि बाजूला उभे राहिले, जशी काही मी तिकीट चेकर.

मी शिक्क्याची वजनं एकेक करून चढवली. काटा बरोबर होता. उतरवून पुन्हा चढवली. पुन्हा बरोबर.

पोत्यावरचा एक शेतकरी म्हणाला, "काटा बरोबर हाय. कंडक्टर बाबाच कमी होऊन राह्यले."

सगळे हसले. बाबाही हसले. माझं काम फत्ते झालं होतं, केंद्र वाचणार होतं, आणि मला मात्र रडू आवरत नव्हतं. मी वजनं जीपमध्ये ठेवायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

चहाच्या गाडीवर मी त्यांना गाठलं.

"बाबा, तुम्ही जेवता ना?"

"जेवतो तं."

"काय जेवता?"

त्यांनी बाजाराकडे तोंड फिरवलं. "तुही माय होती तवा दोघाचं होये. एकट्यासाठी काय चूल पेटवाव? कंदी भाकर, कंदी चिवडा."

"फोनवर रोज सांगता, जेवलो म्हणून."

"मंग चिवडा काय जेवन नाही?"

"पुण्याला चला माझ्याबरोबर."

त्यांनी चहा संपवून कप गाडीवर ठेवला. "येईन व माय. पन तिथं माह्या वजनाले कोन पुसते?"

मी चहाचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. आजार कसलाच निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, पोटाला द्या. शेजारच्या वहिनींकडे दोन्ही वेळच्या जेवणाचं ठरवलं आणि मी पुण्याला परतले. बस सुटताना बाबांनी, जुन्या सवयीने, पत्र्यावर दोनदा थाप मारली.

नाईक सरांनी माझा रिपोर्ट वाचला. "म्हणजे टूल चुकलं."

"अर्धं. वजन उतरतंय, हे त्याने बरोबर पकडलं. काट्याला दोष दिला, ते चुकलं."

"मग ती नोंद काढून टाकू या?"

"नको. तिला नाव देऊ. 'काटा तपासणी.' आणि शिक्क्याच्या वजनांची तपासणी शेजारी वेगळी नोंदवू."

त्यांनी मान डोलावली. मोताळा हिरवा झाला. मग मी धीर करून विचारलं, "सर, बुलढाण्याला माझी बदली होऊ शकेल?"

"नव्या प्लॅनमध्ये तिकडे आर्किटेक्टची जागाच नाही, प्रज्ञा."

प्लॅन मीच केला होता. मला माहीत होतं. तरी विचारून बघितलं.

माणूस बारीक झाला तरी फोनवरचा त्याचा आवाज बारीक होत नाही, हे मी या कामातून शिकले. म्हणून आता बाजाराच्या दिवशी सकाळी मी आधी मोताळ्याची स्क्रीन उघडते. पहिली नोंद पडते. ऑफिसात आजूबाजूला कीबोर्ड वाजत असतात आणि मी तेवढ्यापुरती त्या काट्याशेजारी उभी असते. काही आठवडे आकडा हलला नाही. मग एका बाजाराला चांगलाच वर गेला. मी लगेच फोन लावला.

"बाबा, वजन वाढलं."

"हाव."

ते जरा जास्तच लवकर हो म्हणाले.

"चपला काढल्या होत्या ना? आणि पिशवी खाली ठेवली होती?"

"तू तिथून पाहून राह्यली, हे मालूम हाय मले. तुले बरं वाटाव म्हनून दोन्ही राहू देलं…"

"आणि लोक काही म्हणाले नाहीत?"

"समद्यायनं पाह्यलं. बोललं कोनीच नाही."

दुपारी टूलचा इशारा आला. मोताळ्याचा काटा आता जास्त दाखवत असावा. प्रत्यक्ष जाऊन तपासणी आवश्यक.

टूलच्या शिफारशी डोळे मिटून मान्य करू नयेत, असं मी नव्या पोरांना नेहमी बजावते. ही मी कारण न वाचता मंजूर केली आणि एसटीचं तिकीट काढलं.