साहेबांच्या मूतखड्याचा निर्णय

आमच्या घरात एकच एसी आहे आणि तो चिंचिलाच्या खोलीत आहे. चिंचिला म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरांवरचा प्राणी: सशासारखा मऊ, शेपूट खारीची, तोंड उंदराचं. हवा पंचवीस अंशांच्या वर गेली की त्याच्या जिवाला धोका. नांदेडला मे महिन्यात पंचवीस अंश पहाटेसुद्धा नसतात. लेकीने पुण्यात शिकताना तो घेतला आणि नोकरीसाठी परदेशी जाताना ‘दोन महिने सांभाळा’ म्हणून आमच्याकडे सोडला. त्याला सात वर्षं झाली.

मी रेल्वेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं कारकुनी केली. तिथेही एसी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये असायचा, म्हणून मी याला साहेब म्हणू लागलो. बायको सुरुवातीला ‘तुमच्या लेकीचा उंदीर’ म्हणायची. पुढे तीही ‘साहेब जेवले का?’ विचारू लागली. माझ्याबद्दल तिने अशी चौकशी केल्याचं आठवत नाही.

यंदाच्या मेमध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, साहेब अंग चोरून कोपऱ्यात बसू लागले. लघवी करताना बारीक कण्हायचे आणि खाली लालसर डाग पडायचा. नांदेडच्या गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना उलटसुलट करून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, म्हैस असती तर काहीतरी बोललो असतो. त्यांनी आम्हाला लातूरच्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बाईंनी असल्या बारक्या प्राण्यांचं वेगळं शिक्षण घेतलं होतं. त्यांनी एक्स-रे काढला. मूत्राशयात हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा होता.

त्यांनी काही लपवलं नाही. ऑपरेशन केलं तर या वयात भुलीतून जाग येईलच असं नाही. नाही केलं तर दुखणं कमी करणारं औषध, काही आठवडे, आणि मग एक दिवस लघवी तुंबेल. निर्णय आमचा. शुक्रवारची वेळ त्यांनी राखून ठेवली आणि दोन सूचना दिल्या: आणताना थंड ठेवा, आणि ऑपरेशनपर्यंत खायला घालत राहा, कारण या जनावराचं आतडं थांबलं की संपलंच. पहिली सूचना आम्ही मनापासून ऐकली.

आमच्याकडे ऑपरेशनची बातमी फुटली की लोक आधीच भेटून जातात. नंतर भेट होईल याची खात्री नाही, हे कुणी बोलत नाही. साहेबांना भेटायला गल्ली लोटली. खोलीत एकवीस अंश होते, बाहेर त्रेचाळीस. पेशंटजवळ इतका वेळ बसणारी इतकी माणसं मी कुठल्याच दवाखान्यात पाहिली नाहीत. माझे मेहुणे अर्धापूरहून केळीची फणी घेऊन आले. चिंचिलाला केळं चालत नाही म्हटल्यावर ती त्यांनी आणि मी संपवली.

मेहुणे एकदा सरपंच होऊन गेलेत. तेव्हापासून बोलण्याआधी समोर माईक असल्यासारखे खाकरतात. त्यांनी लगेच बैठक भरवली.

“दाजी, माणसाच्या हिशोबानं धरलं तर ह्यो गडी साठीच्या फुडं गेला. म्हाताऱ्याला कापून काय फायदा हाय?”

मी चौसष्टचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी केळं खात राहिलो.

शेजारच्या आपांना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्सची नोकरी केली होती. “माझ्या समोर ऐंशी-ऐंशीचे बुढे टेबलावरून उठून घरी गेलेत,” त्या म्हणाल्या, “आणि घरी जाऊन भांडलेत.” लेक व्हिडिओ कॉलवर रडली आणि म्हणाली, तुम्हीच ठरवा. परदेशातली माणसं हेच म्हणतात. शेवटी ऑपरेशन करायचं ठरलं. त्यामागे विचार कमी आणि आपांचा आवाज जास्त होता.

मग तयारीही आपांनीच हातात घेतली. गुरुवारी संध्याकाळपासून साहेबांच्या तोंडात काही जाता कामा नये. बायकोने दबकत सांगितलं की डॉक्टर वेगळंच बोलल्यात. आपा हसल्या. पोरगी नवी हाय, भुलीच्या आधी कुणी पेशंटला जेवू घालतंय का? आम्हाला ते पटलं. आमच्या घरातलं पित्ताशय, हर्निया, मोतीबिंदू, सगळं उपाशीपोटी पार पडलं होतं. वैद्यकशास्त्रातलं आम्हाला पक्कं ठाऊक असलेलं एवढंच होतं. पिंजऱ्यातलं गवत काढून घेतलं. साहेबांनी रिकाम्या भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी पहाटेच निघालो. गाडीचा एसी शेवटपर्यंत फिरवलेला, पिंजऱ्याजवळ मोज्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या, आम्ही दोघं स्वेटर घालून. अहमदपूरला आळीपाळीने उतरून चहा प्यालो. मे महिन्यात स्वेटर घालून चहा मागणाऱ्या माणसाकडे टपरीवाला जरा जपून पाहतो.

लातूरला डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, सकाळपासून किती खाल्लं?

“कालपासून एक काडी नाही,” बायको अभिमानाने म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अशा पोटावर भूल देणार नाही म्हणाल्या. गवत ठेवते, खाल्लं आणि लेंड्या पडल्या तर दुपारी बघू, नाहीतर परत न्या. जाता जाता म्हणाल्या, तोवर तुम्हीही पुन्हा एकदा विचार करा.

पुन्हा कसला, पहिल्यांदाच. मागच्या खोलीतल्या बाकावर आम्ही दोघंच होतो. माजी सरपंच नव्हते, आपा नव्हत्या. मला भीती वाटू लागली. एक चूक तर आम्ही येण्याआधीच करून ठेवली होती. मी म्हणालो, घरी नेऊ, आपल्या एसीत सुखाने जाईल. बायको पिंजऱ्याकडे बघत होती. साहेबांनी आमच्याकडे पाठ केली होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी गवताची एक काडी दोन्ही हातांत धरली, फाइल तपासावी तशी तपासली आणि कुरतडली. मग दुसरी. मग काड्यांचा फडशाच पडला. बायको एकेक काडी आत सारत होती. दोन तासांनी खाली काळ्या तांदळासारख्या चार लेंड्या पडल्या आणि तिने माझा दंड इतका दाबला की वळ उठले.

“जायला निघालेलं जनावर असं खातं का हो?” ती म्हणाली. “याला राहायचंय. सही मी करते.”

शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून सगळ्या सह्या आजवर मीच केल्यात. तिने ‘मालकाचे नाव’ या जागी आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं.

साहेबांना आत नेल्यावर तासभर मी शेळ्यांच्या जंतांवरचं पोस्टर वाचलं. आपांचा फोन आला: उपाशी ठेवलं होतं ना? बायको म्हणाली, हो आपा, ठेवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

मग बाई टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. नुसत्या मिशा दिसत होत्या. मिशा हलल्या. त्यांनी ते गाठोडं माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, आता लघवी झाली की मी निश्चिंत. साहेबांनी अर्धवट डोळे उघडले, रजेचा अर्ज घेऊन आलेल्या कारकुनाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या शर्टावर ऊन ऊन ओल पसरली. गुलाबीसर, भरपूर, आणि कण्हणं मुळीच नाही.

बाई टाळी वाजवून हसल्या. बायकोने रडता रडता शर्टाचा फोटो काढून लेकीला, आपांना आणि अर्धापूरला पाठवला. अर्धापूरहून लगेच पुष्पगुच्छाचं चित्र आलं, खाली ‘हार्दिक अभिनंदन’.

दुसरा शर्ट आणला नव्हता. साहेबांना निरीक्षणासाठी आत ठेवलं, तेव्हा मी तसाच भर दुपारी रस्त्यावर चहा प्यायला गेलो. कुणी विचारलं असतं तर खड्यापासून सगळं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, म्हणून चहावाल्याला मी आपणहून सांगितलं.