उंदराच्या श्वासाची रेघ

रविवारी एमआरआय मशीन कोणी मागत नाही आणि मलाही कोणी मागत नाही, त्यामुळे आमचं जमतं. विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकट्याने फ्रीजची घरघर ऐकण्यापेक्षा तळघरातल्या प्रयोगशाळेत उंदराचं फुप्फुस बघितलेलं बरं.

त्या रविवारी पाळी शेवटच्या पांढऱ्या उंदराची होती. फुप्फुसाचं नवं औषध दिलेल्यांपैकी हा एकच उरला होता. तो गेला तर सगळी मेहनत त्याच्याबरोबर जाणार. शिवाय, सांगायला लाज वाटते, आठवडाभरात सगळ्यात जास्त गप्पा मी त्याच्याशीच मारायचो.

फुप्फुसात हवाच हवा, त्यामुळे चित्रात ते काळंभोर दिसतं, वर सतत हलतं. म्हणून गुंगी दिलेल्या उंदराच्या पोटाखाली हवेची इवलीशी उशी ठेवतात. तिची नळी बाहेर आमच्या टेबलापर्यंत येते, श्वासाची रेघ पडद्यावर उमटते आणि दोन श्वासांमधल्या विसाव्यात मशीन चित्र टिपतं.

मी टेबलाला पोट टेकवून बसलो आणि रेघ बघून गार पडलो. उंदराचा श्वास इतका संथ? गुंगी जास्त झाली म्हणून गॅस कमी केला. फरक नाही. आणखी कमी केला. रेघ आपली ध्यानाला बसल्यासारखी. शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिलो.

रेघ सपाट झाली.

"बाई, गेला हो!" असं ओरडत आत धावलो.

आत उंदीर टक्क जागा. नाकावरचा मास्क झटकून, चिकटपट्टीतून निम्मा सुटून माझ्याकडे बघत होता. त्याला ओंजळीत घेऊन फोनपाशी आलो.

"जिवंत आहे. चांगला जागा आहे."

"मग रेघ कुणाची होती? नळी कुठे आहे?"

"टेबलाच्या कडेला."

"आणि तुमचं पोट?"

मी पोट आत ओढून घेतलं.

"अहो, म्हणजे नळी पोटाखाली चेपून मघापासून आपण स्वतःलाच शुद्धीवर आणताय! पेशंट बराच स्थूल दिसतोय. आता उंदीर नीट चालायला लागेपर्यंत त्याच्याजवळ बसा. आणि कृपा करून आणखी काही सुधारणा करू नका."

फोन बंद.

बसलो. उंदीर आधी डुलला, मग चालला, पाणी प्यायला, दाणे कुरतडायला लागला. मी हळूच मघाचा विषय काढला, तर पाठ फिरवून भुशात शिरला.

आता मला निघायला हरकत नव्हती. मशीन बंद केलं, दिवे मालवले, आणि परत लावले. म्हटलं, बसावं अजून थोडं. उंदराचा काय भरवसा!