खाली बघा, दादा

शेजारच्या घरात नवं बाळ आहे. सकाळी त्यांच्या खिडकीतून खिमटाचा वास येतो, भाजून भरडलेले तांदूळ-मूग मऊ शिजल्याचा. कोणालाही प्रसन्न वाटावं असा हा वास, पण मी माझी खिडकी लावून घेते. एके काळी तो माझ्याच स्वयंपाकघरात एका म्हाताऱ्या माणसासाठी दरवळायचा, आणि त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर माझा श्वास अडकायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या वडिलांना, आमच्या दादांना, अर्धांगवायूचा झटका आला. बारामतीच्या दवाखान्यातून त्यांना इंदापूरला घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि पाय निकामी झालेले होते. पण डॉक्टरीणबाईंना धास्ती होती ती घशाची. "पाण्याला सगळ्यात जास्त जपा," त्या म्हणाल्या होत्या. "पातळ पदार्थ चुकून फुप्फुसात उतरतो. न्यूमोनिया झाला तर या वयात अवघड आहे. सगळं घट्ट द्या, बसवून द्या, आणि गिळताना हनुवटी छातीकडे." नाहीच जमलं तर, असं मी विचारलं. "मग नाकातून नळी." ते ऐकून दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

मी कामाला लागले. मला याद्या करून जगायची सवय. औषधांच्या वेळा, चादरी, उशांची उंची, सगळं ठरवून टाकलं. पाण्यात आरारूट शिजवायचं, खिमट इतकं दाट की चमचा तिरका केला तर ओघळू नये, हळूच घसरावं. पण हे सगळं चुलीपाशी संपायचं. चमचा त्यांच्या ओठांत गेला की पुढचं माझ्या हातात नसे. त्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसायची. दादा म्हणजे आमच्या वस्तीतले पहिले कचेरीतले कारकून. ताठ मानेनं चालले, आम्हालाही तसंच चालायला लावलं. त्यांना घासाघासाला "खाली बघा, दादा" म्हणायचं माझ्या जिवावर येई, आणि तेही पुष्कळदा ऐकत नसत. हट्टानं समोर बघत गिळत. मग ठसका लागे.

आपल्याकडे ठसका लागला की लहानथोर सगळे एकच सांगतात, वर बघ. टाळूवर थापटतात, आढ्याकडे बोट दाखवतात. मीही माझ्या मुलांना तसंच वाढवलं. दादांच्या बाबतीत मात्र हीच माया जिवावर उठणार होती. मान वर गेली की वाट थेट फुप्फुसाची. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आणि ऐकणारा मान डोलावून विसरत होता.

एका दुपारी दादांचे चुलतभाऊ आले, आमचे आबा. वयानं थोरले, गावाकडून वस्तीतल्या चार माणसांना घेऊन आलेले. चहा झाला. वाटीतलं आरारूट बघून आबा म्हणाले, "डाक्टरनं खळ पाजायला सांगितली व्हय गं? माणूस हाय का धोतर?" सगळे हसले. दादांचा चांगला गालही हलला. मी म्हटलं, "आबा, त्यांना नुसता पातळ चहा देऊ नका हं." आणि कपबशा उचलून आत वळले. मागून आबांचा आवाज आला, "एक घोट जाऊ दे. चहाबिगर जीव कसा ऱ्हाईल?"

बाहेर धावले तोवर बशी ओठांना लागलेली होती. दादांचा चेहरा आधी लाल, मग काळवंडत चाललेला. चारी बाजूंनी हात आणि आवाज, "वर बघा, दादा, वर बघा." आबांनी प्रेमानं त्यांची हनुवटी वर उचलून धरली होती. मी तो हात झटकला. सगळ्यांच्या देखत वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना पुढे वाकवलं आणि तसंच दाबून धरलं. एक जण म्हणाला, "बापाची मान वाकीवती?" दादा खोकत होते. चहा माझ्या पदरावर आला, आणि मग एक लांब, खरखरीत श्वास आला.

पुढचे काही दिवस मी त्यांच्या छातीला कान लावून काढले. कपाळाला हात लावायची आणि लगेच स्वतःच्या गळ्याला लावून बघायची, ताप त्यांना आहे की मलाच. ताप आला नाही.

आबा पुन्हा आले. एकटे. दादांच्या समोर बसले. मी चमचा भरला तशी त्यांनी स्वतःची मान खाली घातली. "माज्यासारखं कर," म्हणाले. "थोरला घालतुया, तुला काय हुतंय?" दादांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान खाली गेली. घास उतरला.

डॉक्टरीणबाईंनी घासानंतर बोलतं करायला सांगितलं होतं. आवाज ओला, घरघरता आला की थांबायचं. बोलणं जवळजवळ गेलेलंच, पण दादांनी त्यासाठी एक शब्द राखून ठेवला. मी विचारायची, "दादा?" ते म्हणायचे, "हाय." कोरडं, स्पष्ट. मग पुढचा घास. नळी कधी लागली नाही. पुढे ते गेले ते झोपेत, छाती स्वच्छ असताना.

मुलं आता आपापलं ताट घेऊन आतल्या खोलीत जेवतात. बराच वेळ आवाज आला नाही की मी इथूनच हाक मारते. "आहे गं, आई," ती वैतागून म्हणतात. मुलं काय म्हणाली ते मला नंतर कळतं. आधी आवाज कोरडा आहे ना, ते ऐकते.