शेरू चावला त्यानंतर

शैलाताई आपल्या कुत्र्यांना कधी हाक मारायच्या नाहीत. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगच्या गेटशी नुसत्या उभ्या राहायच्या, शेरू आणि मनी समोरच्या मैदानातून आपणहून परत येईपर्यंत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "हाक मारली की सुसाट येतात गं. मधे रिक्षा आहे का, बघत नाहीत."

माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं, पण जिन्यात जो भेटेल त्याला, मग तो कोणीही असो, "जयभीम" ठरलेला. दोन्ही कुत्री रस्त्यावरून आणलेली. शेरू तांबडा, थोराड, आता वय झालेला. मनी काळी आणि अवखळ. पावसाळा सरला की रविवारी त्या दोघांना घेऊन डोंगराकडे निघत. सोबतीला मी.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चंदेरीच्या डोंगरावर गेलो. वरच्या गुहेपर्यंत जायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. ओढ्यातले धोंडे संपले आणि डोक्याएवढं वाळकं गवत सुरू झालं. वारा पडलेला. शेरू दर वळणावर बसू लागला, तेव्हा मी म्हटलं, परत फिरू. त्या म्हणाल्या, खिंडीपर्यंत जाऊ, मग बघू. एकदा ठरवलं की मागे फिरायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता. ऑफिसातही त्यासाठी त्यांचं नाव होतं म्हणे.

खिंडीखालच्या चढावर नुसता घसारा होता; पाय ठेवला की माती आणि खडे सरकायचे. मनी सरसर चढून गेली. शेरूचे मागचे पाय सुटले आणि तो खड्यांबरोबर घसरत बाजूला गेला, तो थेट कड्याच्या तोंडाशी एका अरुंद कपारीत जाऊन थांबला. त्याच्या पलीकडे काही नव्हतं. खाली गेलेले खडे आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

माझ्या तोंडून त्याचं नाव निघणारच होतं. ताईंनी माझं मनगट आवळलं.

"बोलवू नको. तो उडी मारेल."

परत खाली आलेल्या मनीला त्यांनी माझ्याकडे दिलं, तिचं तोंड दाबून धरायला सांगितलं. मग साठी उलटलेली ती बाई बसल्या बसल्या, टाच रोवत खाली सरकू लागली. कपारीशी पोचल्यावर त्यांनी शेरूला हात लावला नाही. त्याच्याकडे पाठ करून बसल्या. तो थरथरत होता. त्यांच्या पायाखालून मधूनच एखादा खडा निसटायचा. फोनला रेंज नव्हती. मला काही विचारायचीही सोय नव्हती, कारण माझ्या आवाजानेही तो हलला असता.

खूप वेळाने शेरूने हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली. तेव्हा त्यांनी आपली ओढणी सावकाश त्याच्या छातीखालून घेतली, तिला त्याचा लांब पट्टा बांधला आणि पट्ट्याचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. मी मनीचा पट्टा झुडपाला अडकवून ओढायला लागले. त्या खालून ढकलत होत्या. मधेच त्याचा पाय सुटला, आणि घाबरून त्याने त्यांच्या हातात दात रुतवले. त्यांनी हात काढून घेतला नाही. त्याच हाताने त्याला वर रेटलं.

"ओढ," एवढंच म्हणाल्या.

दोघं वर आल्यावर मी शेरूवर ओरडले. त्यांनी मला थांबवलं. "त्याला नको बोलू. भ्यायलाय तो. वर यायचा हट्ट माझा होता." उरलेलं पाणी त्यांनी रक्ताळलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या तळव्यातून त्याला पाजलं. पायथ्याच्या गावापर्यंत आम्ही दोघी कोरड्या घशाने उतरलो.

हाताला टाके पडले. कुत्रा चावल्याची कुजबुज बिल्डिंगभर झाली आणि सोसायटीची मीटिंग लागली. हात खडकावर आपटला असं त्यांनी सांगितलं असतं, तर मी मान डोलावायला तयारच होते. सेक्रेटरींनी विचारलं. ताई उभ्या राहून म्हणाल्या, "हो, चावला," आणि बसल्या. कुत्र्याच्या तोंडाला कायम जाळी बांधा, नाहीतर त्याला इथून हलवा, असं ठरलं.

मी म्हटलं, भांडू या, कायदा आपल्या बाजूने आहे. ताईंनाही ते माहीत होतं. "भांडून जिंकेन मी. पण लोक जिन्यात भिंतीला चिकटून उभे राहतात ना, ते त्याला कळतं."

दिवाळीनंतर त्यांनी सोनिवलीला तळमजल्यावर एक खोली घेतली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा माझ्याने राहवलं नाही. सगळ्या नोकरीची कमाई घालून घेतलेलं घर, असं कसं सोडता, म्हणाले.

"घर भाड्याने देता येतं गं," त्या म्हणाल्या. "शेरूला कुठे देऊ?"

ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. ताई मागे, गाद्यांच्या वळकट्यांवर, दोन्ही कुत्र्यांच्या मधे जाऊन बसल्या.