भिंतीवरचा हिरवा पाईप

गावातल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही बायपासच्या पलीकडे प्लॉट घेतला, तो केवळ परवडला म्हणून. शेजार निवडून घ्यायची ऐपत नव्हती. एका बाजूला उमरग्याकडचं, घरात कानडी बोलणारं लिंगायत कुटुंब, समोर दवाखान्यात नर्स असलेल्या एक बौद्ध बाई, आणि दुसऱ्या बाजूला, भिंतीला भिंत लागून, गाद्या भरणाऱ्या चाचांचं घर. मी शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवणारी. नातेवाइकांना पत्ता सांगताना मात्र 'बायपासची नवीन कॉलनी' एवढंच सांगायची. शेजारी कोण, हे कुणी विचारलं तर 'चांगले आहेत' म्हणून विषय बदलायची.

चाची तोंडाच्या फटकळ. आमच्या शेवग्याचा पाला त्यांच्या अंगणात पडला की अख्ख्या गल्लीला कळायचं. पण त्यांच्या बोअरला पाणी होतं. आधीचे दोन कोरडे गेले, तिसऱ्याला लागलं. पाणी उडालं तेव्हा चाचा लहान मुलासारखे भिजत उभे राहिले, ही गोष्ट चाची येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. म्हणून एक दिवसाआड सकाळी त्यांचा हिरवा पाईप भिंतीवरून आमच्या टाकीत पडायचा, न मागता. नऊ वर्षं आम्ही ते पाणी प्यालो. देवही त्याच पाण्याने धुतले.

ईट गावाहून लेकीला बघायला पाहुणे यायचे ठरलं. मुलगा गुणाचा, नोकरीतला, आणि मुख्य म्हणजे लेकीच्या मनात भरलेला. मध्यस्थाने एवढंच बजावलं होतं, की मुलाची आत्या जुन्या वळणाची आहे, कुणाचं पाणी चालतं आणि कुणाचं नाही हे बघणारी. तिचा शब्द त्या घरात शेवटचा. हे ऐकून मला राग यायला हवा होता. मला घाम फुटला.

त्या सकाळी मी पाईप ओढून काढला, गुंडाळला आणि भिंतीपलीकडे ठेवला. चाची भांडी घासत होत्या.

"आज पाणी नको चाची, टाकी भरलीय," मी म्हणाले. टाकी अर्धीसुद्धा नव्हती.

"पावने येनार म्हने? कपबश्या देऊ का? चांगल्या हायेत, फुलाच्या."

"नको, आहेत आमच्याकडे."

मग मी शहाणीने होतं ते पाणी अंगण आणि पायऱ्या धुण्यात घालवलं. पाहुण्यांना पाय धुवायला बादली भरून दिली. बैठक चांगली जमली. आत्याबाईंनी तांब्याभर पाणी वरून घटाघटा पिऊन तोंड पुसलं.

"पानी लई गोड हाय की. कुठलं?"

खिडकी उघडी होती. पलीकडे चाची कपडे वाळत घालत होत्या, कपडा झटकल्याचा आवाज येत होता.

"आमच्याच बोअरचं," मी म्हणाले. लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच थांबले असते तरी थोडक्यात निभावलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला पुरावा द्यायची घाई असते. दोन कोरडे गेले, तिसऱ्याला लागलं, हे भिजत उभे राहिले, सगळं सांगितलं. चाचींची गोष्ट, त्यांच्याच शब्दांत. नवरा सतरंजीकडे बघत बसला. कपडे झटकायचा आवाज थांबला होता.

जेवणं झाली आणि हात धुवायच्या वेळी टाकीचा नळ सूं सूं करून बंद पडला. मी मागच्या दाराने धावले. भिंतीवर भरलेली घागर होती, तिला धरून चाची उभ्या.

"मागनंच घ्या बाई," त्या म्हणाल्या. "म्या समोर येत न्हाय."

त्या फटकळ बाईचा इतका हळू आवाज मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता. अशा तीन घागरी त्यांनी दिल्या. मी त्याच पाण्याची आत्याबाईंच्या हातांवर धार धरली.

स्थळ जमलं. लेक ईटला सुखात आहे. पेढे घेऊन मी चाचींकडे गेले होते. माफी मागायची म्हणून गेले आणि उन्हाळ्याच्या गप्पा मारून परत आले. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी म्हणतात. माझ्याकडे होती ती फक्त जनाचीच. बोअरची गोष्ट मात्र चाचींनी त्यानंतर कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

व्याही मंडळी अधूनमधून येतात, आणि एकदा सांगितलेलं खोटं सांभाळावं लागतं. दर वेळी मी पाईप काढायची. गेल्या आठवड्यात आत्याबाई यायच्या होत्या. सकाळी उठून मागे गेले तर भिंत मोकळी. पाईप गुंडाळून पलीकडे खिळ्याला टांगलेला.

"टाकी काठोकाठ भरलीय बाई," चाची आतूनच म्हणाल्या. "नळी म्याच काढून घेतली. तुमची धावपळ नको."

आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, सापडला असता तर बरं वाटलं असतं.

"बरं झालं," मी म्हणाले, आणि पायऱ्या धुवायला घेतल्या.