बाबांच्या चेहऱ्याचा काका

आमच्या कॉलनीच्या बागेत माझ्या काकाचा अर्धपुतळा आहे. पहिली काही वर्षं त्या पुतळ्याला चेहरा मात्र बाबांचा होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा आम्ही पंचवटीत, नदीच्या अंगाला भाड्याने राहत होतो. काकाने फुलं विकणाऱ्या एका बाईला आणि तिच्या मुलीला पाण्यातून बाहेर काढलं आणि आणखी कुणाला तरी आणायला परत गेला, तो आलाच नाही. मी पहिलीत होते. मला त्याचा आवाज आठवतो, चेहरा नाही. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरातले बाकीचे फोटो पुरात वाहून गेले; लग्नाचा अल्बम तेवढा हाती लागला, तोही भिजलेला. काकूने तो उन्हात वाळत घातला, पण पानं सोडवताना फोटोंचा रंग प्लास्टिकला चिकटून निघून आला. मुंडावळ्या दिसत होत्या आणि त्यांच्यामागे नुसतं पांढरं.

पुरानंतर आम्ही नदीपासून लांब, चढावरच्या कॉलनीत राहायला आलो. काकू आमच्याबरोबरच आली. तिथल्या नव्या बागेत काकाचा पुतळा बसवायचा असं नगरसेवकांनी ठरवलं आणि एरवी गणपती करणाऱ्या एका मूर्तिकारांना काम दिलं. त्यांनी आमच्याकडे येऊन अल्बम उघडला, दोन पानं उलटली आणि मिटून ठेवला.

“यात काही नाही,” ते बाबांना म्हणाले. “सख्खे भाऊ ना तुम्ही? मग बसा समोर. थोडं वय कमी करतो, झालं.”

बाबा बसले. पुतळ्यावरचं कापड काढलं तेव्हा सगळे ‘हुबेहूब’ म्हणाले. कुणासारखा हुबेहूब, हे कुणी बोललं नाही.

पुराच्या तिथीला दरवर्षी ती फुलवाली बाई मखमलाबादच्या शेतातून हार घेऊन यायची. झेंडू, शेवंती, मध्ये गुलाब, असा तो हार तिच्या खांद्यावरून गुडघ्यापर्यंत यायचा. “लय गुणाचा माणूस,” असं म्हणून ती तो पुतळ्याच्या गळ्यात घालायची, आणि माझी आई मान फिरवायची. जिवंत माणसाच्या फोटोला आमच्याकडे हार घालत नाहीत. चुकून कुणी घातला तर लगेच काढतात. इथे तर आईच्या नवऱ्याच्या तोंडावळ्याला चारचौघांत हार पडत होता, त्याच्यापुढे दिवा लागत होता, आणि तो माणूस शेजारी शर्ट खोचून हात जोडून उभा होता. घरी आल्यावर आई मीठ-मोहरी घेऊन बाबांची दृष्ट काढायची. बाबा हसायचे. “अगं, तो तो आहे. मी मी आहे.” आई मोहरी गॅसवर तडतडू द्यायची.

मला त्या पुतळ्याची भीती वाटायची. ट्यूशनहून येताना बागेच्या कुंपणावरून तो दिसायचा. संध्याकाळच्या उजेडात बाबा तिथे छातीपर्यंतच उभे असायचे, गळ्यात सुकलेला हार घालून. मी घरापर्यंत पळायचे. बाबा चहा पीत बसलेले असले की त्यांच्याकडे नीट बघून घ्यायचे. “काय गं?” ते विचारायचे. “काही नाही.” मी घरात फार बोलत नसे, त्यामुळे कुणी पुढे विचारायचं नाही.

माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागायला वेळ गेला. काकू निफाडकडच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरी धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरातही तिने ते सोडलं नाही. बाबा स्वयंपाकघरात येण्याआधी खाकरायचे. ती त्यांच्यापुढे चहा ठेवायची तेव्हा तिची नजर बशीवर असायची. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत हे कुणाला सांगायचं म्हटलं तर शब्दच नव्हता. इंग्रजीत थोरला काय, धाकटा काय, सगळे ब्रदर-इन-लॉ. तर बागेत, स्वतःच्या नवऱ्याच्या पुतळ्यासमोर, काकू डोक्यावर पदर घेऊन, खाली चौथऱ्याकडे बघत उभी असायची. लोकांना वाटायचं, दुःख आहे. मला वाटायचं, हिने अजून वर बघितलेलंच नाही.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. बाबा घरी आले, आणि आईने जाहीर करून टाकलं की यापुढे त्या गळ्यात हार पडणार नाही. “माझ्या डोळ्यांदेखत इतकी वर्षं घातले. आता पुरे.” फुलवाल्या बाईला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. पण त्याच उन्हाळ्यात बागेतल्या क्रिकेटच्या बॉलने पुतळ्याचं नाक उडालं. सिमेंटच होतं ते, वरून ब्राँझचा रंग. नगरसेवक म्हणाले, नवीन करू, फायबरचा. तेच मूर्तिकार पुन्हा आले आणि सवयीने बाबांकडे बघायला लागले.

“हे बसणार नाहीत,” आई म्हणाली.

“अहो वहिनी, आता बसवून उपयोगही नाही. आता हे तुमच्या सासऱ्यांसारखे दिसतात.”

ते गेल्यावर आई आणि काकू स्वयंपाकघरात घेवडा निवडत बसल्या. मी दाराशी होते. काकू शेंगेचा दोरा काढत म्हणाली, “ताई, राग मानू नका. पुतळ्यातले ते हे नव्हतेच कधी. मी इतकी वर्षं दादांच्याच पाया पडले.”

“मग बोलली का नाहीस?”

“सगळे म्हणत होते हुबेहूब. आणि दादा इतके बसले होते तिथं, गणपतींच्या मध्ये, घाम पुसत.” पुढची शेंग उचलत ती म्हणाली, “आता डोळे मिटले तरी दादाच येतात. यांचं तोंड मला सबंध आठवायचं बंद झालंय. एकदा बघायचंय हो, नाहीतर मी मेल्यावर तिकडं ओळखू कसं?”

आईने हातातली शेंग तशीच ताटात टाकली. काकूने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

“हिचं तोंड यांच्यासारखं आहे. रुसली की तर अगदी.”

“म्हणजे आता माझ्या पोरीच्या गळ्यात हार?” आई म्हणाली. “नवऱ्याचा काढला तो हिच्या गळ्यात?”

मला कुणी माझ्याकडे बघितलेलं आवडत नाही. फोटोत मी नेहमी कडेला असते. तरी मी म्हणाले, “मी बसते.” का म्हणाले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. काकूची ती भीती मला खरी वाटली होती, एवढंच.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग स्वतःच मूर्तिकारांकडे आली आणि म्हणाली, काहीतरी फरक ठेवा, अगदी हिच्यासारखं करू नका. ते माती मळत म्हणाले, “वहिनी, मी मिशी लावणार आहे. यमाला तेवढं कळतं.” आई हसली नाही, पण घरी गेली.

त्यांच्या शेडमध्ये मी स्टुलावर बसायचे. आजूबाजूला न रंगवलेले गणपती. काकू त्यांच्या पाठीशी उभी राहून सांगायची. “गाल आत घ्या. भुवई जाड. हनुवटी हिचीच ठेवा.” मग मला म्हणायची, “जरा चीड की गं. ओठ तसे येत नाहीत.” मी चिडायचा प्रयत्न करायचे आणि मला हसू यायचं. मूर्तिकार म्हणायचे, “असू दे, हसला तर काय बिघडलं?” काकू म्हणायची, “हसले की ते खालीच बघायचे. तुम्हाला तोंड दिसणार नाही.” इतक्या वर्षांत तिने काकाबद्दल इतकं कधी सांगितलं नव्हतं.

काम थांबवताना ते मातीच्या चेहऱ्यावर ओलं फडकं गुंडाळायचे, माती सुकू नये म्हणून, आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायचे. पहिल्या दिवशी मी ते बघितलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. कापडाखाली माझं नाक दिसत होतं. त्यानंतर घरी आरशासमोर वेणी घालताना मला मध्येच वाटायचं, काचेच्या आतून कुणीतरी बघतंय, आणि ते मला ओळखत नाहीये. मिशी लावली त्या दिवसापासून मातीत मी दिसेनाशी झाले. तो कोण होता, हे मला सांगता येत नव्हतं. काकू मात्र गप्प झाली. तिने काहीच सुचवलं नाही, म्हणून मूर्तिकारांनी कोरणी खाली ठेवली.

नवा पुतळा बसला, हार पडला, नारळ फुटला, भाषणं झाली. आई आली नाही. बाबा लवकर परतले. गर्दी पांगली तरी काकू निघेना, म्हणून मी तिच्याजवळ थांबले.

ती वर बघत होती.

“हे किती लहान आहेत गं,” ती म्हणाली.

मी पुतळ्याकडे बघितलं. पंचविशीचा एक मुलगा, रुसलेला. काकूच्या कपाळावर तेव्हा केस अकालीच पांढरे व्हायला लागले होते. कुणी बघितलं असतं तर आई मुलाला बघायला आलीय असं वाटलं असतं. तिलाही ते वाटलं असावं, कारण ती एकदम लाजली, आणि हाताने केस मागे सारले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू जरा तिकडे जा. तू शेजारी असलीस की तूच दिसतेस.”

मी पुतळ्याच्या मागे, माळ्याच्या नळापाशी जाऊन उभी राहिले. तिथून फक्त त्याची पाठ दिसत होती, आणि खांद्यावरून काकूचा चेहरा. तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी लांबलचक सांगत होती, मध्ये थांबत होती, जसं आपण समोरच्याला बोलू देतो. माळी पाईप घेऊन आला. त्याला नळ हवा होता. मी त्याला खुणेने थांबायला सांगितलं, आणि तो थांबला.