दुपारनंतरचे आकडे

निजामोद्दीनभाईंबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. मी शिवकांता. त्या माणसाचं वाटोळं माझ्या हातानं झालंय, म्हणून मीच सांगते.

आमचं गाव मुरुडपासून दोन कोसांवर. लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्यासंगं विहिरीचं पाणी मोजायचं ऑफिसही नवं आलं. भाई मात्र जुनेच. वीस वर्षं रोजंदारीवर. खांद्याला पिशवी, तिच्यात पोलादी टेप, खडू आन वही. टेपाच्या टोकाला खडू फासायचा, विहिरीत सोडायचा, खडू भिजला तिथवर पाणी. अंदाजानं एक आकडा लिहिणार न्हाई हा माणूस. मी एकदा थट्टा केली, "भाई, मागच्या महिन्याचाच आकडा लिवा की, विहीर काय तक्रार करणार हाय?" तर म्हणाले, "वहिनी, विहीर गप बसंल, पण उद्या तुमची घागर बोलंल ना!"

त्या उन्हाळ्यात सलग दुसरा दुष्काळ. सगळ्या गावाची नजर त्या एका विहिरीवर. आन ऑफिसनं ठरवलं की हिच्यावर शेजारच्या तीन गावांचे टँकर भरता येतील का ते बघायचं. भाईंनी मला समजावलं, "खडकातून पाणी किती सोईनं चालतं ते डोळ्याला दिसत न्हाई. म्हणून दिवसभर इंजिन लावून विहीर उपसायची, पाणी कसं उतरतं ते लिवायचं. मग साहेब औरंगाबादेत कॉम्प्युटरमंदी अशीच विहीर मांडणार, खडकाचा एक आकडा धरून ती उपसून बघणार. ती खऱ्या विहिरीवानी उतरली तर आकडा बरोबर. न्हाई तर आकडा बदलायचा. भाकर बघून पीठ वळखायचं, असं काम हाय."

एकच अट होती. उपसलेलं पाणी पाइपानं दोनशे पावलं लांब, ओढ्यात सोडायचं.

आता बघा, हंडाभर पाण्यासाठी आम्ही नंबर लावून बसलेलो, आन डोळ्यांदेखत पाणी ओढ्याच्या वाळूत चाललेलं. माझ्या सासूला, दानम्माला, ते बघवेना. "शिवा शिवा, हे पाप कुणाच्या माथी?" म्हणायली. दुपारी भाई लिंबाखाली नमाजाला बसले आन आम्ही दोघींनी गोठ्यामागं पाइपाचा सांधा सोडवला. तिथं आमचा जुना, कोरडा पडलेला आड हाय, विहिरीपासून चाळीस पावलांवर. पाणी आडात सोडलं. इंजिन बंद व्हायच्या आधी सांधा परत जोडला. दिवस मावळायला बादली सोडली तर आडाच्या तळाला ठण्णकन वाजली. पाणी गेलं कुठं? मी डोकं चालवलं न्हाई. कुणाला कळलं न्हाई, एवढ्यावरच खूश.

पंधरा दिवसांनी भाई यष्टीनं आले. तोंड उतरलेलं. "वहिनी, सोमवारपासून टँकर लागणार. दिवसाला चाळीस."

चाळीस टँकर? आठ दिवसांत तळ दिसला असता!

त्यांनी वही उघडली. सकाळी पाणी भराभर उतरलेलं, दुपारनंतर जागच्या जागी थांबलेलं. "दोन्हींना लागू पडंल असा एक आकडा कॉम्प्युटरला सापडंना. साहेब म्हणाले, सकाळी तुझा हात चुकला. सकाळचे आकडे सोडून दिले, दुपारचे धरले." मग हळूच विचारलं, "दुपारी काही झालं व्हतं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आडातलं पाणी झिरपून परत विहिरीतच गेलं होतं! आम्ही उपसलेलंच पाणी विहीर पुन्हा पुन्हा देत होती. पण तोंड उघडावं तर सरकारी काम, केस झाली तर? सासूला फौजदार नेईल का? मी म्हणाले, "न्हाई बा."

"मग माझाच हात चुकला," म्हणाले आन विहिरीवर गेले. टेप सोडला, वर घेतला, पुसला, परत सोडला. असं चार वेळा. वीस वर्षांचा हात, आन त्याच्यावरचाच त्यांचा भरवसा उडाला होता. धावत गेले आन रडत सगळं ओकून टाकलं.

मला वाटलं, शिव्या घालतील. ते खालीच बसले. "या अल्ला, म्हणजे सकाळचे आकडे खरे!"

भाई तसेच लातूरला ऑफिसात गेले, आन शनिवारी इंजिन पुन्हा आलं. त्या दिवशी गोठ्यामागं पाइपावर मीच बसले, रिकामी घागर मांडीवर घेऊन. पाणी ओढ्यात चाललेलं, बाया मला नाही नाही ते बोलायल्या. मी हलले न्हाई. विहीर दुपारीही उतरतच राहिली. चार वाजता पाणी तळाला गेलं आन इंजिन हवा ओढायला लागलं. टँकर रद्द झाले. ती विहीर आम्हाला मृगापर्यंत कशीबशी पुरली.

पुढच्या वेळी टेप घेऊन दुसराच माणूस आला. "निजामोद्दीनला काढलं," म्हणाला आन वहीतला भाईंच्या हातचा शेरा दाखवला. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचलं: 'पहिल्या दिवशी सांधा माझ्या निष्काळजीपणाने सुटला. पाणी आडात गेले. मी ते लपवले.'

वीस वर्षांत त्या माणसानं लिहिलेलं खोटं तेवढंच, आन तेही माझ्यासाठी. लातूरची यष्टी रोज आमच्या फाट्यावर थांबत होती. ऑफिसात जाऊन खरं सांगायचं, एवढंच करायचं होतं. दोनदा फाट्यापर्यंत गेले आन दोन्ही वेळा माघारी आले.